अर्धा मग पाणी

वास पहिल्यांदा हेमांगीला आला,
मंगळवारी, हात धुवायला मोरीत गेली तेव्हा.
मी म्हटलं, खाली कुणी कोळंबी सोलली असेल.
ती म्हणाली, कोळंबीला बटण नसतं.
हा दिवा लावला की येतो,
मालवला की हळूहळू जातो.

गुदैबियातला तिसरा मजला. ऑगस्ट.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी
नळातून चहाला चालेल इतकं कढत.
बाहेर हवा, भिजलेल्या घोंगडीसारखी.
खिडकी उघडायची सोय नाही.

मी बेसिनखाली वाकलो,
कमोडच्या बुडाशी नाक नेलं,
बादली हलवली, तिच्याखालचं गोल डाग घासलं.
बावीस वर्षं मनामात स्पेअर पार्टच्या दुकानात
फिल्स-फिल्सचा मेळ लावतोय,
चुकलेला आकडा वासावरून काढतो असं मालक म्हणतात.
इथं नुसता वासच होता,
आकडा कुठंच नव्हता.

फिनेल झालं. व्हिनेगर झालं.
हेमांगीनं समोरच्या उम्म खालिदकडून बखूर आणला,
मग उदाचा वास आणि गटाराचा वास
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून
हॉलपर्यंत यायला लागले.

बुधवारी रात्री एकेका भोकावर प्लॅस्टिक ताणून
चिकटपट्टी लावली.
सकाळी सगळ्या पट्ट्या जागच्या जागी,
वासही जागच्या जागी.
कुठंतरी पाणी मुरतंय, हेमांगी म्हणाली.
मी भिंती ठोकून पाहिल्या.
भिंती खडखडीत.

शुक्रवारी नमाजनंतर नातूरनं मोफिजला पाठवलं.
कोमिल्लाचा, पन्नाशीचा, चप्पल दाराबाहेर काढून आला.
पान्याची पिशवी उघडलीच नाही.
अगरबत्ती आहे का, विचारलं.
मोरीचा दिवा लावला, वरचा पंखा घरघरला,
आणि धूर आडवा होऊन आत ओढला गेला.
मोफिज उलटा निघाला,
धुराच्या येण्याच्या वाटेनं,
पॅसेजमधून, फ्रिजच्या कडेनं,
धाकट्या खोलीच्या बंद दारापर्यंत.
दाराच्या फटीशी अगरबत्ती धरली.
धूर आमच्या तोंडावर आला.

ती खोली प्रिस्किलाची.
प्रिस्किला पारखे, श्रीरामपूरची, नर्स,
चार वर्षं आमच्याकडे भाड्यानं होती.
मार्चमध्ये आयर्लंडला गेली.
नवी भाडेकरू बघू, बघू, म्हणता म्हणता
दार लावलेलंच राहिलं.

तिच्या बाथरूमच्या फरशीतली जाळी
मोफिजनं बोटानं उचलली.
आतून केसांचं वेटोळं काढलं, एक काळी पिन.
टॉर्च मारला.
पाणी मर गया, साब.

नळीच्या वळणात म्हणे वाटीभर पाणी उभं असतं, कायम.
तेवढंच ते, सगळ्या बिल्डिंगचं खालचं खाली ठेवतं.
कुणी आंघोळ केली नाही
की हवा ते पिऊन टाकते.
मग तुमचा पंखा खेचतो,
आणि खालचं वर येतं, दुसऱ्याच दारानं.
त्यानं अर्धा मग पाणी ओतलं,
वर चमचाभर खोबरेल, उडू नये म्हणून.
दोन दिनार घेतले. चहा नको म्हणाला.

पहाटे चारला ती ड्यूटीवरून यायची.
भिंतीपलीकडे शॉवर चालू,
अलीकडे मी कूस बदलून
बिलाची बेरीज करायचो.
एकदा बोललोही:
प्रिस्किला, बादलीनं घेतलीस तर?
हो काका, म्हणाली.
दुसऱ्या दिवसापासून बादली.
त्यानंतर तर मगसुद्धा
ती हळू बुडवायची.

पिन हेमांगीनं साबणानं धुतली,
खिडकीत ठेवली.
पाठवायची का आयर्लंडला, म्हणाली,
आणि स्वतःच हसली. मी नाही.

वास गेला. हेमांगी मात्र अजून
दिवा लावून क्षणभर दारातच थांबते.
दर शुक्रवारी, उजाडायच्या आत,
मी धाकट्या खोलीत जातो,
जाळीवर अर्धा मग सोडतो,
धार बारीक करून,
आवाज होणार नाही असा,
जसं काही पलीकडे कुणी
नुकतंच झोपलंय.